साल छापलेली शॅम्पेन: पहिली बाटली उघडण्याआधी आणि उघडल्यावर

शॅम्पेनच्या बहुतेक बाटल्यांवर साल छापलेलंच नसतं. फ्रान्सच्या ईशान्येला रँस आणि एपर्ने या गावांभोवतीचा हा प्रदेश द्राक्षांच्या मानानं थंड. कधी एप्रिलात दव गोठून कोवळे कोंब करपतात, कधी ऑगस्टभर पाऊस लागून घड कुजतात. म्हणून तिथली शॅम्पेन बनवणारी घराणी वेगवेगळ्या वर्षांच्या वाइन राखून ठेवतात आणि त्यांच्या मिश्रणातून दर वर्षी साधारण एकाच चवीची शॅम्पेन काढतात. अधूनमधून मात्र असं पीक येतं, की त्यात दुसरं काही मिसळायला मन धजत नाही. त्या वर्षाची वाइन मग वेगळी ठेवली जाते आणि लेबलवर चार आकडे येतात: २००२, २००८, २०१२. फ्रेंचमध्ये तिला 'मिलेझिमे' म्हणतात. आपल्याकडे 'व्हिंटेज' हाच शब्द रुळला आहे.

अशी बाटली आपल्या घरी बहुधा निमित्तानं येते. परदेशातून येणारी मुलगी विमानतळावरून घेऊन येते, लग्नाला पंचवीस वर्षं होतात, निवृत्तीला सहकारी भेट देतात. मग ती दोन-तीन वर्षं शोकेसमध्ये उभी राहते आणि एका रात्री बारा वाजता, आरडाओरड्यात, निम्मी फरशीवर सांडून आणि निम्मी केकबरोबर, दहा मिनिटांत संपते. मला याची खरोखर हळहळ वाटते. त्या बाटलीत कित्येक वर्षांची मेहनत असते आणि ती जिभेला कळायला फार काही लागत नाही. दोन तास, चार माणसं, बरे ग्लास आणि थोडी माहिती एवढं पुरतं.

एका बाटलीतले तीन काळ

आधी ही माहिती घेऊ, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. व्हिंटेज शॅम्पेनमध्ये तीन वेगवेगळे काळ एकावर एक साठलेले असतात आणि चव घेणं म्हणजे ते वेगळे ओळखायला शिकणं.

पहिला काळ लेबलवरचा, म्हणजे द्राक्षं पिकली त्या मोसमाचा. २००३ साली युरोपात उष्णतेची मोठी लाट आली आणि शॅम्पेनमध्ये तोडणी ऑगस्टातच सुरू झाली. त्या वर्षाच्या वाइन भरदार, मऊ, पिकल्या फळांच्या आहेत आणि त्यांत आंबटपणा कमी आहे. २००८चा उन्हाळा याच्या उलट, ढगाळ आणि गार गेला. सप्टेंबरात मात्र कोरडी, स्वच्छ हवा मिळाली. द्राक्षं पिकली आणि आंबटपणाही टिकला, म्हणून २००८च्या चांगल्या बाटल्या आजही ताठ कण्याच्या लागतात.

दुसरा काळ तळघरातला. तयार झालेली साधी वाइन बाटलीत भरताना तिच्यात यीस्ट आणि लिटरमागे सुमारे २४ ग्रॅम साखर घालतात आणि बाटली बंद करतात. आत पुन्हा आंबवण होतं, त्यातून निघालेला वायू कोंडला जातो आणि दाब सुमारे ६ वातावरणांपर्यंत चढतो. बुडबुडे येतात ते इथून. यीस्टचं काम संपलं की त्याच्या मेलेल्या पेशींचा बारीक गाळ बाटलीतच राहतो आणि खरी गंमत पुढे होते. त्या पेशी हळूहळू विघटित होत वाइनला पावाचा, बिस्किटाचा, लोण्याचा वास देतात. साल नसलेली शॅम्पेन बाटलीत किमान १५ महिने ठेवावी लागते, व्हिंटेजला किमान ३ वर्षं, असा तिथला नियम आहे. नावाजलेली घराणी याच्या दुप्पट, कधी तिप्पट वेळ थांबतात. रँस शहराखाली रोमन काळापासून खोदलेल्या खडूच्या खाणी आहेत. त्या बारा महिने थंड आणि अंधाऱ्या असतात, आणि काही घराण्यांच्या बाटल्या हा काळ तिथे काढतात.

तिसरा काळ गाळ काढल्यानंतरचा. बाटली थोडी थोडी फिरवत, उलटी करत गाळ तोंडाशी आणायचा, मान गोठवायची आणि गोठलेला गाळ दाबासरशी बाहेर उडवायचा. या कामाला 'देगोर्जमाँ' म्हणतात. बाटली फिरवण्यासाठी भोकांचं लाकडी मेज वापरण्याची युक्ती बार्ब-निकोल क्लिको या बाईंच्या तळघरात १८१६च्या सुमाराला निघाली. नवरा वारला तेव्हा त्या सत्तावीस वर्षांच्या होत्या. फ्रेंचमध्ये 'व्हव' म्हणजे विधवा, आणि घराण्याचं नाव आजही 'व्हव क्लिको' असंच आहे. हे घराणं आपल्या १८१०च्या वाइनला शॅम्पेनमधली पहिली ज्ञात व्हिंटेज मानतं. गाळ निघाला की शेवटचं बूच बसतं आणि त्यानंतर वाइन वेगळ्या तऱ्हेनं वयात येते. मध, सुका मेवा, भाजलेली कॉफी हे वास बहुतेक या काळातले.

हे तीन काळ एकमेकांना बांधलेले नाहीत. डॉम पेरिन्यों या वाइनची २००९ सालची बाटली आधी बाजारात आली आणि २००८ची तिच्यानंतर, कारण २००८ला तळघरात जास्त वेळ हवा होता. बोलँजे घराणं तर मुद्दाम उशिरा गाळ काढलेली व्हिंटेज वेगळ्या नावानं विकतं. वय मोठं आणि चेहरा तरुण, असा तिचा अनुभव असतो.

लेबल वाचा, पुढचं आणि मागचंही

पुढच्या लेबलवर साल पाहिलंत की गोडीचा शब्द शोधा. 'ब्रूत' म्हणजे लिटरमागे १२ ग्रॅमपेक्षा कमी साखर, 'एक्स्ट्रा ब्रूत' म्हणजे ६ पर्यंत, 'ब्रूत नात्यूर' म्हणजे ३ पेक्षा कमी आणि वरून काहीच न घातलेली. 'एक्स्ट्रा ड्राय' हा शब्द फसवतो. ती ब्रूतपेक्षा गोड असते, १२ ते १७ ग्रॅम. ही साखर गाळ काढल्यानंतर शेवटी घालतात आणि तिला 'दोझाज' म्हणतात. पहिल्या बाटलीसाठी ब्रूत घ्या. ब्रूत नात्यूर सुंदर असू शकते, पण नवख्या जिभेला तिचा आंबटपणा बोचतो.

मग द्राक्षं. शॅम्पेन मुख्यतः तीन जातींची बनते: पांढरी शार्दोने, आणि पिनो न्वार व मूनिये या दोन काळ्या. काळ्या द्राक्षांचा रस सालीचा रंग लागण्याआधी हलक्या हातानं पिळून घेतात. 'ब्लाँ द ब्लाँ' लिहिलं असेल तर ती फक्त पांढऱ्या द्राक्षांची, बहुधा निखळ शार्दोने, म्हणजे लिंबाकडे झुकणारी, सडपातळ, हळूहळू खुलणारी. 'ब्लाँ द न्वार' फक्त काळ्या द्राक्षांची, अंगानं भरलेली. काहीच लिहिलं नसेल तर मिश्रण समजा.

मागच्या लेबलवर गाळ काढल्याची तारीख सापडली तर ती नक्की टिपून ठेवा. सगळी घराणी ती छापत नाहीत. क्रुगच्या बाटलीवर एक क्रमांक असतो, तो घराण्याच्या संकेतस्थळावर टाकला की बाटलीची माहिती मिळते. साल आणि ही तारीख हाताशी असली की तिन्ही काळ मोजता येतात: २०१२ची द्राक्षं, २०२०मध्ये गाळ काढला, म्हणजे तळघरात आठेक वर्षं, आणि उरलेला काळ शेवटच्या बुचाखाली.

उजेड आणि उष्णता

माझी पहिली व्हिंटेज बाटली बिघडलेली निघाली. दुकानात ती वरच्या फळीवर, ट्यूबलाइटच्या अगदी जवळ, किती महिने उभी होती कोण जाणे. पारदर्शक काचेची, दिसायला देखणी. उघडली तर उकडलेल्या कोबीचा आणि ओल्या लोकरीचा वास. तेव्हा मला वाटलं, भारी शॅम्पेन अशीच असते, आणि आपल्यालाच कळत नाही. पाहुण्यांसमोर कौतुक करत ती प्यायलो. खूप पुढे कळलं, की उजेडानं वाइनमध्ये गंधकाची दुर्गंधी संयुगं तयार होतात. फ्रेंचमध्ये याला 'उजेडाची चव' असंच म्हणतात, आणि पारदर्शक काचेत ती फार लवकर येते. लुई रोदेरेर घराण्याच्या क्रिस्टाल या वाइनची बाटली पारदर्शक असते आणि ती सोनेरी कागदात गुंडाळलेली येते. तो कागद शोभेचा नाही, बाटली उघडेपर्यंत काढू नका.

दुसरा शत्रू उष्णता. आपल्याकडच्या मे महिन्यात गच्चीखालच्या खोलीत ठेवलेली शॅम्पेन एका उन्हाळ्यात थकते. बाटल्या मोजक्या असतील तर त्या फ्रिजच्या तळाशी, कागदात गुंडाळून काही महिने ठेवा. शोकेसपेक्षा ते शंभर पटीनं बरं. वाइनसाठीचं छोटं कपाट असेल तर १० ते १२ अंश ठेवा. २०१० साली बाल्टिक समुद्रात, फिनलंडच्या ऑलंड बेटांजवळ, बुडालेल्या जहाजात सुमारे १७० वर्षं जुन्या शॅम्पेनच्या बाटल्या सापडल्या. त्यांतली काही व्हव क्लिकोची होती. समुद्रतळाच्या गारव्यात आणि अंधारात ती वाइन इतकी टिकली होती, की शास्त्रज्ञांना तिची चव घेता आली. तिच्यात लिटरमागे सुमारे १५० ग्रॅम साखर होती! त्या काळी शॅम्पेन अशी गोडमिट्ट पीत असत.

विमानतळावरून आणत असाल तर भारतात येताना एका माणसाला २ लिटरपर्यंत मद्य करमुक्त आणता येतं, म्हणजे नेहमीच्या दोन बाटल्या. प्रवासातून आलेली बाटली त्याच रात्री उघडू नका. दोन-तीन दिवस फ्रिजमध्ये शांत पडू द्या.

आधी नाशिकची एक बाटली उघडून बघा

हा सल्ला मी प्रत्येकाला देतो. महागड्या बाटलीवर हात बसवायला नको. नारायणगावच्या इंडाज कंपनीनं १९८०च्या दशकात फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीनं, बाटलीतच दुसरं आंबवण करून 'ओमार खय्याम' ही फेसाळ वाइन काढली होती आणि ती परदेशातही जात असे. आज नाशिकची सुला आणि दिंडोरीची शाँदों याच पारंपरिक पद्धतीनं फेसाळ वाइन बनवतात. यांना शॅम्पेन म्हणता येत नाही, ते नाव त्या प्रदेशाचंच. आणि द्राक्षांचा मोसमही वेगळा, आपल्याकडे तोडणी थंडीच्या शेवटी होते. पण बूच कसं काढायचं, कसं ओतायचं, बुडबुडे जिभेवर कसे लागतात हे सगळं तिच्यावर शिकता येतं. आठवड्याभरानं व्हिंटेज उघडलीत की फरक सांगायला कुणी लागणार नाही. पहिला फरक कळेल तो दुसऱ्या काळाचा: पावाचा, खमंगपणाचा.

गार किती करायची

साधी शॅम्पेन ८ ते १० अंशांवर छान लागते, व्हिंटेज १० ते १२वर. बर्फासारखी गार केली तर वास मिटून जातात आणि नुसता आंबटपणा आणि बुडबुडे उरतात. बाटली चार तास फ्रिजमध्ये ठेवा आणि पिण्याआधी दहा-पंधरा मिनिटं बाहेर काढा. घाई असेल तर बादलीत निम्मं पाणी, निम्मा बर्फ घालून अर्धा तास बुडवा. नुसत्या बर्फात बाटली नीट गार होत नाही, काचेला सगळीकडून पाणी लागायला हवं. फ्रीझरमध्ये मात्र कधीच नाही. विसरलात तर बाटली फुटते.

ग्लास

उंच, अरुंद फ्लूट दिसते सुरेख, पण तिच्यात नाक शिरत नाही. जुन्या सिनेमातल्या पसरट वाटीसारख्या ग्लासातून वास उडून जातो. पोटाशी जरा फुगीर आणि ओठाशी निमुळता असा ग्लास हवा. तो नसेल तर पांढऱ्या वाइनचा नेहमीचा ग्लास अगदी चालतो.

ग्लास धुताना साबणाचा अंश राहू देऊ नका. साबणानं फेस मरतो. कोमट पाण्यानं खळखळून धुवा आणि स्वच्छ सुती कापडानं पुसा. बुडबुडे काचेला चिकटलेल्या अतिसूक्ष्म तंतूंवर जन्मतात, कापडाचे धागे त्यांच्या कामी येतात. म्हणून एकाच बाटलीतून दोन ग्लासांत ओतलं तर एकात धारा लागतात आणि दुसऱ्यात जेमतेम बुडबुडे दिसतात. वाइन तीच असते.

बूच

इथे सावध राहा. कोंडलेल्या वायूचा दाब मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या दुपटीहून जास्त असतो आणि सुटलेलं बूच डोळा घालवू शकतं. वरचा कागद काढा. तारेच्या जाळीचा पीळ साधारण सहा अर्ध्या फेऱ्यांत सुटतो. जाळी सैल करा, पण काढू नका. पीळ सुटायला लागला त्या क्षणापासून अंगठा बुचावर असू द्या. वर रुमाल टाका. बाटली तिरपी धरा, तोंड माणसांपासून दूर. आता बूच घट्ट धरून ठेवा आणि दुसऱ्या हातानं बाटली तळाशी धरून फिरवा. बूच आपोआप वर येऊ लागतं. तेव्हा ते ओढायचं नाही, उलट आत दाबून धरायचं आणि अगदी हळू सोडायचं. 'फुस्स' असा हलका उसासा आला की जमलं. मोठा आवाज झाला तर वायू आणि वाइन दोन्ही वाया गेलेली असतात.

बूच हुंगा. ओल्या पुठ्ठ्याचा, कुबट तळघराचा वास आला तर वाइनचाही घोट घेऊन खात्री करा. हा बुचातला दोष असतो. तो थांबून जात नाही आणि कितीही महागड्या बाटलीत येऊ शकतो. अशी बाटली दुकानात परत दाखवायला संकोच करू नका.

ओतणं आणि बघणं

ग्लास तिरपा धरून कडेनं ओता. सरळ उभ्या ग्लासात धार सोडली तर कितीतरी वायू ओततानाच निघून जातो. तिसरा हिस्सा, फार तर निम्मा ग्लास भरा. वरची जागा वासासाठी आहे.

रंग पांढऱ्या कागदासमोर बघा. तरुण शार्दोनेत हिरवट छटा असते, वय वाढलं की सोनं चढतं. बुडबुडे जितके बारीक तितकी वाइन चांगली, असं सांगतात. त्यावर फार विसंबू नका. वय झालेल्या बाटलीत वायू हळूहळू कमी झालेला असतो, म्हणून बुडबुडे बारीक आणि संथ होतात. बाकी निम्मं काम ग्लासाचं. रँस विद्यापीठातले जेरार लिजे-बेलेर यांनी बुडबुड्यांच्या भौतिकशास्त्रावर कित्येक वर्षं काम केलं आहे. एका ग्लासातून सुमारे दहा लाख बुडबुडे निघतात असा त्यांचा अंदाज आहे. प्रत्येक बुडबुडा वर येऊन फुटताना वाइनचे अतिसूक्ष्म थेंब उडवतो आणि त्या थेंबांबरोबर वास नाकापर्यंत पोचतो. ग्लास गरागरा फिरवायची गरज नाही, बुडबुडे ते काम करतातच.

हुंगणं

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या.

पहिल्यांदा ग्लास नाकाशी न्याल तेव्हा वायू झोंबेल. जरा थांबून, नाक कडेशी ठेवून, छोटे छोटे श्वास घ्या. वर्णनांत भेटणारे ब्रिओश, क्विन्स हे पदार्थ आपल्यापैकी बहुतेकांनी खाल्लेले नाहीत, त्यामुळे ते शब्द वाचून नवखा माणूस बिचकतो. ते बाजूला ठेवा. आपल्या नाकाला आठवणी कमी नाहीत.

मोसमाचा काळ फळांत आणि सालीत सापडतो. लिंबाची किसलेली साल, हिरवं सफरचंद, कच्चट पेअर हे गार वर्षाचे वास. पिकलेलं सफरचंद, पीच, कधी अननसाची चाहूल हे उबदार वर्षाचे. खडू किंवा नुकत्याच पुसलेल्या ओल्या पाटीचा वास आला तर चकित होऊ नका, शार्दोनेच्या शॅम्पेनबद्दल बोलताना तो पुष्कळांना आठवतो. तिथली जमीन खडूची आहे हे खरं. पण तो खडू मुळांतून थेट ग्लासात येतो असं मानायला आधार नाही. वास मात्र खडूसारखाच.

तळघरातला काळ बेकरीत सापडतो. सकाळी पावाच्या लाद्या भट्टीतून निघतात तेव्हाचा वास. खारी, नानकटाई, बदामाची सालं. आणि मला सगळ्यात नेमका वाटतो तो घरचा एक वास: लोणी कढवताना तळाशी बेरी लालसर होते आणि तूप व्हायला अगदी थोडं उरतं, तेव्हा स्वयंपाकघरात जो दरवळ सुटतो तो. सात-आठ वर्षं गाळावर राहिलेल्या शॅम्पेनमध्ये तो मला हमखास मिळतो. हा वास ज्यानं ओळखला त्याला यीस्टची रसायनं पाठ करायला नकोत.

बुचाखालचा काळ आणखी गडद असतो. भाजलेले शेंगदाणे, मध, सुकं अंजीर, जर्दाळू, दळलेली कॉफी, पावसाळ्यातली अळंबी. हे वास आले आणि फळं मागे सरली, तर बाटली वयस्क झाली आहे. सगळ्यांनाच ते आवडतात असं नाही. तुम्हाला तरतरी हवी असेल, तर पुढच्या वेळी गाळ काढल्याची तारीख जवळची असलेली बाटली निवडा.

तीन माणसांना तीन वास आले तर भांडू नका. प्रत्येकानं गुपचूप कागदावर लिहावं आणि मग वाचावं. माझ्या सासूबाईंनी आयुष्यात पहिल्यांदाच शॅम्पेन हुंगली आणि म्हणाल्या, "ही तर राजगिऱ्याची वडी." मी त्याच वाइनपुढे दोन वर्षं नुसता 'मध आणि खमंगपणा' लिहीत होतो.

घोट

छोटा घोट घ्या आणि तीन-चार सेकंद तोंडात फिरू द्या. गिळायच्या आधी फेसाकडे लक्ष द्या. चांगल्या व्हिंटेजचा फेस सायीसारखा पसरतो, सोड्यासारखा टोचत नाही. मग जिभेच्या कडांना पाणी सुटतं का बघा. तो आंबटपणा, आणि त्याच्यामुळेच वाइन इतकी वर्षं जगली. मधोमध फळ आणि बेकरी भेटतात. गिळल्यावर मनातल्या मनात मोजा. साधी फेसाळ वाइन पाच-सहा आकड्यांत पुसली जाते, चांगली व्हिंटेज वीस-तीस मोजेपर्यंत रेंगाळते, आणि रेंगाळताना चव बदलते: लिंबू जातं, बदाम राहतो.

आता थांबा

पहिला ग्लास ओतून झाला की बाटली पुन्हा बर्फात खोल खुपसू नका. पाऊण तास तिला हळूहळू कोमटाकडे येऊ द्या, १३-१४ अंशांपर्यंत. दर पंधरा मिनिटांनी तोच ग्लास हुंगा. सुरुवातीला मिटून बसलेली वाइन खुलत जाते. गाळाचे आणि बुचाखालचे वास पुष्कळदा दुसऱ्या ग्लासातच बाहेर येतात. रात्री बाराच्या जल्लोषात नेमकं हेच हरवतं. व्हिंटेज शॅम्पेन उघडायची तर संध्याकाळी सातला, जेवणाच्या आधी, तोंडाला दुसरी चव लागण्यापूर्वी.

सोबत काय

मीठ आणि तळण. खारे बदाम, काजू, कडक रव्यात तळलेले बोंबील, कोलंबी. कोकणातली कालवं मिळाली तर ब्लाँ द ब्लाँसाठी त्याहून चांगलं काही नाही. शाकाहाऱ्यांना साबुदाणा वडा, कारण दाण्याचा खमंगपणा वाइनमधल्या खमंगपणाला जाऊन भेटतो. मिरची मात्र अगदी नावापुरती. तिखटावर बुडबुडे पडले की जीभ दुप्पट जळते आणि वाइनचं काही कळत नाही. जुन्या, मध-अळंबीच्या वळणावर गेलेल्या बाटलीबरोबर लोण्यावर परतलेली अळंबी करून बघा.

केक नको. गोडासमोर ब्रूत शॅम्पेन आंबट आणि पोकळ लागते. वाढदिवस असेल तर आधी शॅम्पेन संपवा, मग केक कापा.

उरली तर

बाटलीच्या तोंडात चमचा उभा ठेवला की बुडबुडे टिकतात ही समजूत खरी नाही. पकडीचं खास झाकण मिळतं, ते लावा आणि बाटली फ्रिजमध्ये उभी ठेवा. दोन दिवस तरी सहज जातात. मी आता एक ग्लास मुद्दाम मागे ठेवतो. दुसऱ्या दिवशी दुपारी बुडबुडे निम्मे झालेले असतात, आणि आदल्या रात्री फेसाखाली दबलेली ती बेरीची, भाजल्या दाण्यांची चव पहिल्या घोटातच समोर येते.